पहिलं आरसी विमान: विमान सगळ्यात शेवटी निवडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीजवळच्या गावात शाळेत शिकवणारे एक सर, वय पंचेचाळीस. आरसी, म्हणजे रिमोटवर उडवायच्या, विमानांचं वेड लहानपणापासूनचं, आता आठवीतली मुलगीही मागे लागली आहे. खर्चाची तयारी वीस हजारांपर्यंत. जवळपास शिकवणारं कोणी नाही. त्यांनी इंटरनेटवर एक मस्टँग पाहून ठेवलंय, दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाचं मॉडेल, चंदेरी रंगाचं, एक मीटर पंखांचं. खाली लिहिलंय, ‘नवशिक्यांसाठीही योग्य’. हे घेऊ का? नाहीतर कोणतं घेऊ?

सर, मस्टँग घेऊ नका. निदान या वर्षी नको. विमान वाईट नाही, त्याच घाटाचं एक माझ्याकडेही आहे आणि हवा चांगली असली की मी ते हौसेनं उडवतो. पण तुमच्या हातात पहिल्या दिवशी ते सात-आठ सेकंद हवेत राहील. का, ते जरा सविस्तर सांगतो. हे गणित एकदा कळलं की पुढे कोणतंही विमान समोर आलं तरी तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

नुसतं वजन बघून उपयोग नसतो, पंखाच्या मानानं वजन किती ते बघायचं. समजा एक साधं ट्रेनर, म्हणजे शिकण्यासाठीचं विमान, आहे. पंख १.२ मीटर लांब, २० सेंटिमीटर रुंद. म्हणजे क्षेत्रफळ २४ चौरस डेसिमीटर. बॅटरीसकट वजन ७५० ग्रॅम. दर चौरस डेसिमीटरवर साधारण ३१ ग्रॅम पडले. आता तुमचं मस्टँग घ्या. पंख एक मीटर, पण टोकाकडे निमुळता होत जाणारा, सरासरी रुंदी १६ सेंटिमीटर धरा. क्षेत्रफळ १६, वजन किलोभर. दर चौरस डेसिमीटरवर ६२ ग्रॅम, म्हणजे बरोबर दुप्पट. पंखावरचा भार दुप्पट झाला की विमान ज्या वेगाखाली पडतं तो वेग साधारण १.४ पट होतो. ट्रेनर ताशी २४ किलोमीटरपर्यंत हवेत तग धरतं, मस्टँग ३४ च्या खाली आलं की संपलं. आणि काठावर कोणी उडवत नाही. थोडी पुंजी हाताशी ठेवून उडवायचं म्हटलं तर ट्रेनर ताशी ३४ नं आणि मस्टँग ताशी ४८ नं फिरवावं लागतं. नवख्या माणसाला विमान डावीकडे कललंय हे कळून बोट हलायला दीड-दोन सेकंद लागतात. तेवढ्यात मस्टँग पंचवीस मीटर पुढे आणि बरंच खाली गेलेलं असतं.

दुसरी गोष्ट त्या निमुळत्या पंखाची. वेग कमी झाला की अशा पंखाचं टोक आधी हार मानतं, तेही एकाच बाजूचं. विमान हळूहळू खाली न बसता एका कुशीवर गपकन वळतं. घाबरून आपण काय करतो? रिमोटची स्टिक, म्हणजे दांडी, मागे ओढतो. नाक वर, वेग आणखी कमी. पुढचं सांगायला नको.

आता उत्तराचा मुख्य भाग, जो ऐकायला कोणालाच आवडत नाही. विमान सगळ्यात शेवटी निवडा. आधी जागा, मग रिमोट, मग बॅटरी आणि चार्जर, आणि मग विमान. कारण सरळ आहे. पहिलं विमान मोडणारच. ते मोडायलाच घ्यायचं असतं. रिमोट मात्र आठ-दहा वर्षं हातात राहतो, आणि जागा चुकली तर बाकी सगळं बरोबर असूनही काही चालत नाही.

मी स्वतः कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये हे वेड लावून घेतलं. तेव्हा कंट्रोल लाइन उडवायचो. विमानाला दोन बारीक तारा, तारांचं दुसरं टोक हातातल्या मुठीत, आणि आपण मधे उभं राहून गरगर फिरायचं. मिथेनॉल आणि एरंडेलाच्या इंधनाचा वास शर्टाला दोन धुण्यांपर्यंत टिकायचा. त्या खेळात एक सोय होती, विमान तारेच्या पलीकडे जाऊ शकत नसे. रेडिओवर आलात की ही तार सुटते, म्हणून जागेचा विचार आधी.

तुमच्या भागात जागेचा पहिला शत्रू ऊस. हे मी अनुभवानं बोलतोय. काही वर्षांपूर्वी वाळव्याकडे मित्राच्या शेताजवळ उडवत होतो. वारा पश्चिमेचा, विमान वाहत वाहत पूर्वेच्या अडसाली उसावर गेलं आणि वळवायच्या नादात खाली बसलं. दहा-अकरा फूट ऊस. कुठे पडलं ते डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी तीन संध्याकाळ पाल्यानं हात कापून घेत शोधलं आणि नाद सोडला. चार महिन्यांनी तोड आली तेव्हा मित्राचा फोन आला. गेलो तर टोळीतल्या एका पोरानं ते विमान आपल्या कोपीच्या, म्हणजे झोपडीच्या, शेंड्यावर बांधून ठेवलेलं. बॅटरी फुगून टम्म झाली होती, पंख उंदरांनी कुरतडलेला, पण चारही सर्वो, म्हणजे विमानाची पाती हलवणाऱ्या छोट्या मोटरी, चालत होते. इलेक्ट्रॉनिक्स काढून घेतलं आणि सांगाडा तिथेच कोपीवर राहू दिला. तेव्हापासून माझा नियम: आसपास ऊस असलाच तर तो वारा येतो त्या बाजूला असावा. म्हणजे हातातून सुटलेलं विमान उसापासून लांब वाहत जातं, उसाकडे नाही.

जागा किती हवी? ट्रेनर सेकंदाला नऊ-दहा मीटर जातं. दीडशे मीटरचं मोकळं रान असलं तरी दर पंधरा सेकंदांनी वळावं लागतं. शिकताना याहून कमी जागेत जीव मेटाकुटीला येतो. शाळेचं मैदान मोह घालेल, पण भोवती इमारत, झाडं, विजेच्या तारा आणि पोरं असतात. ते नको. गावाबाहेरचा गवताळ माळ सगळ्यात उत्तम, गुडघाभर गवत असेल तर सोन्याहून पिवळं, कारण पहिली वीस-पंचवीस लँडिंग तिथे फुकट माफ होतात. शाळूच्या काढणीनंतरचं रान लांबून छान मोकळं दिसतं, पण धसकटं फोममध्ये सुरीसारखी घुसतात. उघड्या विहिरी कुठे आहेत ते आधी चालून बघा. विमानाच्या मागे वर बघत पळणाऱ्या माणसाला विहीर दिसत नाही.

वेळ सकाळची, सातच्या सुमारास. दहानंतर जमीन तापते, हवा उकळायला लागते. महिने म्हणाल तर पाऊस सरल्यापासून फेब्रुवारीपर्यंत. मे ते ऑगस्ट पश्चिमेचा वारा एवढा असतो की मीसुद्धा घरी बसून सोल्डरिंग करतो. उगवत्या सूर्याकडे पाठ करून उभं राहा. उन्हात शिरलेलं विमान क्षणभर दिसेनासं होतं, आणि नवख्याला तो क्षण पुरतो. घारी येतील. घाबरू नका, त्या बहुतेकदा चौकशी करून जातात. विणीच्या दिवसांत झडप घालतात, तेव्हा निमूट खाली उतरायचं.

आता रिमोट. खेळण्यातल्या विमानाबरोबर जो रिमोट येतो तो त्या विमानापुरताच असतो. विमान मोडलं की रिमोट कचऱ्यात. त्यापेक्षा वेगळा सहा चॅनेलचा रिमोट घ्या, २.४ गिगाहर्ट्झचा. एक चॅनेल म्हणजे विमानाची एक हालचाल. फ्लायस्कायचा एफएस-आय६ भारतात कॉलेजची पोरं सर्रास वापरतात, विमानात बसवायच्या रिसीव्हरसकट पाच हजारांच्या आसपास मिळतो. दिसायला साधा आहे, पेन्सिल सेलवर चालतो, वीस विमानांची सेटिंग लक्षात ठेवतो. मोड २ मागा. त्यात थ्रॉटल, म्हणजे मोटरचा जोर, डाव्या हाताला असतो आणि विमान वळवणं, नाक वर-खाली करणं उजव्या हाताला. पुढे शिकवणारा कोणी भेटला तर तो बहुधा याच मोडचा असेल, आणि मग त्याच्या आणि तुमच्या रिमोटमध्ये वायर जोडून ट्रेनर पद्धतीनं शिकता येईल. तुमचं चुकलं की तो बटण सोडून विमान स्वतःकडे घेतो.

रिमोट आला की विमान मागवायच्या आधी सिम्युलेटर केबल घ्या आणि तो कॉम्प्युटरला लावा. पिकासिम नावाचा सिम्युलेटर, म्हणजे पडद्यावर विमान उडवायचा प्रोग्रॅम, फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतो. त्यात दहा तास उडवा. तिथे आकाशात नुसतं हुंदडू नका. दोनच गोष्टी घोटून काढा. एक, आडवा इंग्रजी आठ, म्हणजे दोन्ही बाजूंची वळणं येतात. दुसरी, स्वतःकडे येणारं विमान. पाठमोरं जाणारं विमान उजवीकडे वळवायला स्टिक उजवीकडे, हे कोणालाही जमतं. तेच विमान तोंड करून आपल्याकडे आलं की सगळं उलटं दिसतं आणि माणूस चुकीच्या बाजूला ढकलत राहतो. यावर जुन्या मंडळींनी मला शिकवलेली युक्ती: जो पंख खाली झुकलाय त्याच्या खाली स्टिक सरकवा, कलत्या भिंतीला टेकू देतात तशी. डावा-उजवा विचारच करायचा नाही. दहा तासांत हे बोटांत उतरतं. मुलीच्या बोटांत चार तासांत उतरेल, तयारीत राहा.

आता विमान. तुमच्याकडे शिकवणारा नाही, हे धरूनच सांगतो. पंख धडाच्या वर असलेलं, म्हणजे हाय-विंग घ्या. पंखाची दोन्ही टोकं किंचित वर उचललेली हवीत. असा पंख कलला की स्वतःहून सरळ व्हायला बघतो. स्टिक सोडून दिली तर शहाणं ट्रेनर दोन-चार हेलकावे खाऊन आपलं आपण सरळ चालू लागतं, आणि नवख्याला सगळ्यात जास्त गरज असते ती याचीच. स्पॅन, म्हणजे पंखाची टोकापासून टोकापर्यंतची लांबी, साधारण एक ते दीड मीटर. त्याहून लहान विमान वाऱ्यात पाचोळ्यासारखं उडतं आणि शंभर मीटरवर डोळ्यांना दिसत नाही. पंचेचाळिशीतले डोळे म्हणून मुद्दाम सांगतो. आणि दिसण्यावरून आठवलं, पंखाची खालची बाजू आणि वरची बाजू वेगवेगळ्या गडद रंगांत रंगवा. चंदेरी विमान ढगाळ आकाशात शोधून दाखवणाऱ्याला मी चहा पाजेन.

तीन चॅनेल की चार, यावर लोक तावातावानं भांडतात. तीन म्हणजे थ्रॉटल, एलिव्हेटर (शेपटीचं आडवं पातं, नाक वर-खाली करणारं) आणि रडर (शेपटीचं उभं पातं, डावीकडे-उजवीकडे वळवणारं). चौथा एलेरॉन, पंखाच्या मागच्या कडेची पाती, विमान कलवणारी. शिकवणारा शेजारी असेल तर सरळ चार घ्या. एकट्यानं शिकायचं असेल तर माझं मत तीनच्या बाजूनं आहे, कारण तीन चॅनेलचं विमान स्वतः जास्त स्थिर असतं आणि चूक हळू होते. फक्त एक करा: रडरचा सर्वो रिसीव्हरच्या पहिल्या चॅनेलला, म्हणजे एलेरॉनच्या जागी जोडा. मग वळायचं काम उजव्या अंगठ्याकडे येतं. उद्या एलेरॉनचं विमान घेतलंत तर हाताची सवय तीच कामी येते.

तयार विमान घ्यावं की घरी बनवावं? तयार घेणार असाल तर ईपीओ फोमचं घ्या. तो दाबला तर चेपतो, सहसा तुकडे उडत नाहीत, आणि मोडला तरी सुपरग्लूनं दोन मिनिटांत जोडता येतो. मल्टिप्लेक्स या जर्मन कंपनीच्या ईझीस्टारनं एक धडा घालून दिला, मोटर पंखाच्या मागे बसवायची. नाक आपटलं तरी प्रॉप, म्हणजे मोटरचा पंखा, आणि मोटर शाबूत. त्या घाटाची कितीतरी विमानं पुढे निघाली, एकट्या शिकणाऱ्याला ती अजूनही धार्जिणी. अमेरिकेत-युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींना दीड मीटरचं अ‍ॅप्रेंटिस नावाचं ट्रेनर सहज मिळेल, त्यात विमान स्वतः सरळ ठेवणारा जायरो असतो. आपल्याकडे २०२२ च्या फेब्रुवारीपासून तयार ड्रोनच्या आयातीला बंदी आहे, सुट्या भागांना नाही. त्यामुळे पहिल्याच खेपेला परदेशातून तयार उडतं यंत्र मागवायच्या भानगडीत पडू नका. देशातल्या दुकानातून घ्या, आणि घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: याचा पंख सुटा मिळतो का? नाही म्हणाले तर पुढच्या दुकानात जा.

जायरोबद्दल जाता जाता. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला डबा बांधतात ना, तसाच तो. बांधून उतरायला हरकत नाही. पण दोन महिन्यांनीही डबा सुटला नाही तर पोहणं आलं असं म्हणता येत नाही. बंद करायचं बटण असेल तरच घ्या.

माझ्या मनात तुमच्यासाठी मात्र घरी बनवलेलं विमान आहे. शाळेत शिकवता, घरात आठवीतली मुलगी आहे, याहून चांगली जोडी कुठली? अमेरिकेतल्या फ्लाइट टेस्ट या मंडळींनी फोम बोर्डच्या विमानांचे नकाशे फुकट उपलब्ध करून दिले आहेत. त्यातलं सिंपल कब हे पिवळ्या पायपर कबच्या घाटाचं हाय-विंग विमान तुम्हाला नेमकं बसेल. पानं छापून, जोडून, कटरनं कापायचं, हॉट ग्लूनं चिकटवायचं. दोन रविवारांत होतं. मुख्य म्हणजे जे विमान तुम्ही बनवलंय ते तुम्ही दुरुस्तही करू शकता. संध्याकाळी मोडलं, रात्री चिकटवलं, सकाळी पुन्हा माळावर. विकतच्या विमानाचा पंख मोडला की माणूस पंधरा दिवस पार्सलची वाट बघतो आणि सिम्युलेटरवर कमावलेलं निम्मं हातातून जातं.

फक्त फोम बोर्ड नीट बघून घ्या. फ्लेक्सच्या दुकानात ‘फोम शीट’ मागितलं की सनबोर्ड पुढे करतात. तो पीव्हीसीचा, भरीव आणि जड असतो, त्याचं विमान उडत नाही, धावतं. आपल्याला हवा तो स्टेशनरीतला, दोन्ही बाजूंनी कागद आणि मधे हलका फोम असलेला, पाच मिलिमीटरचा. दोन-तीन दुकानांतले बोर्ड वाण्याच्या काट्यावर टाकून बघा आणि सगळ्यात हलका घ्या. कागदाला पाणी चालत नाही, दवानं ओलं गवतही नाही, म्हणून पोटाखाली रुंद चिकटपट्टी मारा. थर्माकोलचं काही जोडत असाल तर सुपरग्लू लावू नका, थर्माकोल विरघळून खड्डा पडतो. चाकं सुरुवातीला लावूच नका. माळावर चाकं अडकून विमान कोलांटी खातं. हातानं सोडा, पोटावर उतरवा.

आतला ऐवज ठरलेला आहे. २२१२ आकाराची १००० केव्हीची, म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला हजार फेरे घेणारी मोटर, तिचा वेग सांभाळणारा तीस अँपिअरचा ईएससी, दहा इंची प्रॉप, नऊ ग्रॅमचे सर्वो. एवढ्यावर आठशे ग्रॅमच्या आसपास ओढ मिळते आणि पाऊण किलोच्या ट्रेनरला ती भरपूर झाली. सर्वो धातूच्या गिअरचे घ्या, प्लॅस्टिकचे दात पहिल्याच आपटीत जातात. प्रॉप अर्धा डझन. टेबलावर सेटिंग करताना प्रॉप काढून ठेवायचा, यात सूट नाही. माझ्या उजव्या तर्जनीवर पाच टाक्यांचा व्रण आहे. तो उडवताना नाही, जेवणाच्या टेबलावर ‘जरा मोटर फिरते का बघू’ म्हणताना झालाय. घरच्यांनी त्यानंतर माझं सगळं सामान गच्चीवरच्या खोलीत हलवलं. तेही बरोबरच.

बॅटरी थ्री-सेल लायपो, म्हणजे लिथियम पॉलिमर, २२०० एमएएच, दोन घ्या. चार्जर बॅलन्स करणारा, म्हणजे सगळे सेल सारखे भरणारा, आणि पडद्यावर प्रत्येक सेलचा व्होल्टेज दाखवणारा हवा, पाचशे रुपयांची दिवेवाली डबी नको. प्रत्येक सेल भरल्यावर ४.२ व्होल्ट. उडवताना ३.५ च्या खाली जाऊ देऊ नका, त्यासाठी दीडशे रुपयांचा किंचाळणारा अलार्म मिळतो, तो बॅटरीच्या छोट्या बॅलन्स प्लगला लावा. महिनाभर उडवणार नसाल तर ३.८ वर ठेवून द्या. पूर्ण भरून कपाटात ठेवलेली बॅटरी फुगते, पूर्ण रिकामी ठेवलेली मरते. चार्जिंग २.२ अँपिअरनं, उघड्या फरशीवर, मी तर मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवून करतो, आणि आपण त्याच खोलीत जागे असताना. रात्री लावून झोपायचं नाही. फुगलेली, भोक पडलेली बॅटरी ‘एकदाच’ म्हणून वापरायची नाही. लायपोची आग पाण्याच्या तांब्यानं विझत नाही. उन्हात उभ्या गाडीतही ती ठेवू नका.

आता पहिल्या उड्डाणाआधीच्या दोन गोष्टी, ज्यांच्यावर विमानाच्या किमतीपेक्षा जास्त अवलंबून असतं.

पहिली सीजी, म्हणजे तोल. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या तीस टक्क्यांवर पेन्सिलीनं खूण करा. २० सेंटिमीटरचा पंख असेल तर ६ सेंटिमीटरवर, दोन्ही बाजूंना. बॅटरी आत ठेवून, उडायला तयार अशा अवस्थेत, त्या खुणांखाली एकेक बोट लावून विमान उचला. सरळ राहिलं किंवा नाक किंचित खाली झुकलं तर ठीक. शेपूट खाली गेली तर बॅटरी पुढे सरकवा, पुन्हा उचला. शिसं लावायची घाई करू नका, बॅटरीची जागा बदलूनच बहुतेक तोल जमतो. नाकाला जड असलेलं विमान आळशी उडतं, पण उडतं. शेपटीला जड विमान हातातून सुटताच उंडारलेल्या वासरासारखं वर उसळतं, आणि त्याला आवरणं मलाही अवघड जातं.

दुसरी, कंट्रोल उलटे तर नाहीत ना. विमानाच्या मागे उभं राहून बघा. स्टिक स्वतःकडे ओढली की एलिव्हेटर वर उचलला पाहिजे. उजवीकडे नेली की रडर उजवीकडे. एलेरॉन असेल तर उजवा एलेरॉन वर, डावा खाली. प्रत्येक वेळी, प्रत्येक बॅटरी बदलल्यावर. मी सर्वो बदलल्यानंतर एकदा हे विसरलो. नवीन सर्वो उलट्या दिशेनं फिरत होता. हातानं सोडलं, नाक जरा खाली गेलं म्हणून स्टिक ओढली, विमान आणखी खाली, आणखी ओढली, आणि माळाच्या मातीत प्रॉपचं नुसतं थोटूक उरलं. तेव्हा माझ्या गाठीला वीस वर्षांचा सराव होता. त्याच वेळी फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटल्यावर विमान काय करतं, तेही तपासा. विमान घट्ट धरून रिमोट बंद केला तर मोटर थांबली पाहिजे. एरवी क्रम कायम असा: आधी रिमोट चालू, मग विमानाची बॅटरी. बंद करताना उलटा.

पहिल्या दिवशी विमान दुसऱ्या कोणालातरी फेकायला द्या, तुमचे दोन्ही हात स्टिकवर हवेत. वाऱ्याच्या तोंडावर, सरळ समोर, क्षितिजाकडे भाला फेकल्यासारखं. वर नाही. बहुतेक लोक उत्साहात आकाशाकडे फेकतात आणि विमान वेग धरायच्या आधीच मान टाकतं. थ्रॉटल पाऊणभर, सरळ चढू द्या. दहा-बारा मजली इमारतीएवढी उंची झाली की थ्रॉटल निम्म्यावर आणा आणि मगच वळा. काही गोंधळ वाटला तर थ्रॉटल कमी करून स्टिक सोडा. उंचीवर असाल तर विमान सावरतं. टायमर सात मिनिटांचा लावा. बॅटरी त्याहून जास्त चालेल, पण उतरताना दोन-तीनदा चुकायला ती शिल्लक हवी. उतरणं म्हणजे वाऱ्याकडे तोंड करून, पंख सरळ ठेवून, थ्रॉटल कमी कमी करत जाणं, बस. पायाशी आणून उतरवायचा हट्ट नको, माळाच्या मध्यावर कुठेही बसलं तरी चालतं. चालत जाऊन आणायचं.

कायद्याचं थोडं. २०२१ चे ड्रोन नियम आरसी विमानांनाही लागू आहेत. त्यांत २५० ग्रॅमपर्यंतचं यंत्र नॅनो आणि त्यावर दोन किलोपर्यंतचं मायक्रो गटात येतं. हौसेखातर, पैसे न घेता मायक्रो उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. पण आपला माळ कोणत्या क्षेत्रात येतो ते सरकारी नकाशावर बघावंच लागतं, हिरव्या, म्हणजे परवानगी न लागणाऱ्या, क्षेत्रातही उंचीची मर्यादा १२० मीटर आहे, आणि विमान सतत डोळ्यांसमोर हवं. नियम बदलत असतात, म्हणून उडवायला सुरुवात करण्याआधी एकदा ताजे वाचून घ्या. नियमांइतकंच महत्त्वाचं म्हणजे गावात सांगून ठेवा. २०२४ मध्ये पुणे, बीड भागातल्या गावांत रात्री ड्रोन फिरतात म्हणून लोकांनी रात्री जागून काढल्या होत्या. आकाशात काही घोंगावलं की लोक अजून दचकतात. पोलीस पाटलांना आणि आसपासच्या शेतवाल्यांना आधी भेटा, एकदा उडवून दाखवा. मग विमान कोणाच्या तुरीत पडलं तर तेच आणून देतील.

पैशांचा हिशेब असा बसतो. रिमोट पाच हजार, दोन बॅटऱ्या चार, चार्जर अडीच, मोटर आणि ईएससी हजारभर, सर्वो सातशे-आठशे, फोम बोर्ड, ग्लू गन, प्रॉप, अलार्म आणि किरकोळ मिळून दीड. पंधरा हजारांत काम होतं. भाव इकडेतिकडे होतील, पण वीसच्या वर जायचं कारण नाही. उरलेल्या पाचांना हात लावू नका. पहिल्या दोन महिन्यांत एक बॅटरी, दोन सर्वो आणि निदान एक आख्खं विमान त्यातून जाईल.

नकाशा छापताना शंभर टक्के मापानं छापा, ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद करून. पहिल्या पानावरची माप-रेघ पट्टीनं मोजून खात्री केल्याशिवाय बोर्डाला कटर लावू नका. आणि बोर्ड एकदम तीन विमानांचे आणा. दुसरं विमान मुलगी एकटीनं कापेल, तिला कापू द्या.